सांस्कृतिक वारशाचा सूक्ष्मजैविक ऱ्हास

चित्रे, शिल्पे, हस्तलिखिते, वस्त्रे, छायाचित्रे, लाकडी वस्तू आणि जुन्या वास्तू यांची जीवाणू, बुरशी, शैवाल व दगडफूल यांच्यामुळे होणारी हानी. बुरशीचे बीजाणू हवेत सगळीकडेच असतात. त्यांना अन्नाची वाणही नसते, कारण कागद, कापड, सरस, चामडे हा आपल्या लेखी ऐवज असला तरी बुरशीच्या लेखी नुसते सेल्युलोज आणि प्रथिने असतात. अडते ते फक्त पाण्यावाचून. त्यामुळे या विषयाची चर्चा कुठूनही सुरू झाली तरी शेवटी ओलीपाशीच येऊन थांबते.

दगडात खाण्यासारखे काही नसते, तरीही तो सुटत नाही. गंधकावर जगणारे काही जीवाणू सल्फ्युरिक आम्ल तयार करतात, तर अमोनियावर जगणारे नायट्रिक आम्ल. चुनखडक व संगमरवर या आम्लांत विरघळतात. दगडफुलाचे तंतू खनिजकणांच्या फटींत शिरतात. पावसात फुगायचे आणि उन्हात आक्रसायचे, असे वर्षानुवर्षे चालले की वरचा पापुद्रा सुटतो. सूक्ष्मजीव बहुधा एकेकटे नसतात. स्वतःच स्रवलेल्या चिकट थरात ते वसाहत करून राहतात. हा थर पाणी धरून ठेवतो, धूळ चिकटवून घेतो आणि औषधाला आतपर्यंत पोहोचू देत नाही. मात्र दगडावरचे प्रत्येक हिरवे-करडे पुट खरवडून काढणे शहाणपणाचे नसते. कधी कधी दगडफुलाखालचा ऑक्झलेट या क्षाराचा पातळ थर दगडाला जपतो आणि खरवडण्यानेच जास्त इजा होते.

कागदावरचा हल्ला शांतपणे होतो. किटोमियमसारखी बुरशी सेल्युलेज हे विकर (एन्झाइम) सोडून कागदाचे धागे तोडते. पान दिसायला शाबूत असते, पण बोट लावताच मऊ कापसासारखे तुटते. शिवाय बुरशीची रंगद्रव्ये कागदात मुरतात आणि बुरशी मेली तरी डाग राहतात. जुन्या छायाचित्रांवरचा थर जिलेटिनचा, म्हणजे प्रथिनांचा असतो. जीवाणूंनी तो द्रवरूप केला की प्रतिमाच ओघळून जाते.

उपाय अंगाशी कसे येतात, हे फ्रान्समधील लास्को गुहेत दिसले. 1940 मध्ये सापडलेली तिथली प्रागैतिहासिक चित्रे 1948 पासून लोकांना पाहायला मिळू लागली. प्रेक्षकांचे श्वास व उष्णता आणि दिव्यांचा उजेड यांमुळे भिंतींवर हिरवे शैवाल पसरले आणि 1963 मध्ये गुहा बंद करावी लागली. 2001 मध्ये फ्युझेरियम सोलॅनी या बुरशीची पांढरी साय आली. जमिनीवर कळीचा चुना टाकला गेला, भिंतींवर बेंझाल्कोनियम क्लोराइड हे जंतुनाशक वापरले गेले. पांढरी बुरशी हटली, पण पुढच्या काही वर्षांत काळे डाग उमटले. जंतुनाशकाला दाद न देणारे जीव मागे उरले आणि त्याच्या अवशेषांवर काहींचे पोषणही झाले असावे, असे अभ्यासक मानतात.

म्हणून आधी ओल रोखायची. हवेची सापेक्ष आर्द्रता सतत 65 टक्क्यांच्या वर राहिली की बुरशीचा धोका वाढतो. खोलीचा सरासरी आकडा मात्र फसवा असू शकतो. थंड बाहेरच्या भिंतीला टेकलेल्या कपाटामागे हवा खेळत नाही आणि बुरशी आधी तिथेच धरते. पुरात किंवा आग विझवताना भिजलेली पुस्तके दोन-तीन दिवसांत बुरसटू लागतात. ती लगेच वाळवता येत नसतील तर गोठवतात आणि पुढे निर्वात कक्षात सुकवतात. गोठवण्याने बुरशी मरतेच असे नाही, ती थांबते. वाळलेली बुरशी मऊ ब्रशने, सूक्ष्म गाळणी असलेल्या यंत्रात ओढून काढतात. मेलेले बीजाणूही श्वासाला बाधतात, म्हणून मुखपट्टी लावूनच हे काम करतात.

मोठ्या संग्रहांसाठी पूर्वी इथिलीन ऑक्साइडची धुरी सर्रास देत. हा वायू कर्करोगकारक असल्याने ती आता बरीच मागे पडली आहे. गॅमा किरणांचा मारा खोलवर पोहोचतो. प्राचीन इजिप्तचा राजा दुसरा रामसेस याच्या ममीवरची बुरशी 1977 मध्ये फ्रान्समध्ये याच मार्गाने नष्ट केली गेली. पण किरणे सेल्युलोजच्या साखळ्याही तोडतात आणि वस्तू पुन्हा ओलीत ठेवली तर नवी बुरशी अडवत नाहीत.

काही जीवाणू उलट जतनकारांच्या कामी आले आहेत. इटलीतील मिलानच्या कॅथीड्रलच्या संगमरवरावरील सल्फेटची काळी पुटे सल्फेट फोडणाऱ्या डिसल्फोव्हिब्रिओ जीवाणूंनी काढण्याचे प्रयोग झाले. इटलीतीलच पीसाच्या कांपोसांतो दफनभूमीतील भित्तिचित्रे 1944 च्या आगीनंतर सरसाने कापड चिकटवून भिंतीवरून उतरवली होती. त्यांवरचा प्राणिज सरस इतका कडक झाला होता की विकरांनीही सुटेना. मग स्यूडोमोनास स्टुट्झेरी जीवाणूंनी भिजवलेला कापूस चित्रावर ठेवला गेला आणि काही तासांत त्यांनी तो सरस खाऊन टाकला.