केंब्रिज : कॉलेजांचं गाव आणि गावातल्या शाळा

केंब्रिज विद्यापीठाची सुरुवात एका पळापळीतून झाली. १२०९ साली ऑक्सफर्डमध्ये एका बाईच्या मृत्यूवरून गावकरी खवळले आणि त्यांनी हाती लागलेल्या विद्यार्थ्यांना फासावर चढवलं. बाकीचे वाट फुटेल तिकडे पांगले. त्यातले काही कॅम नदीकाठच्या या बाजारगावात येऊन राहिले. गावाने त्यांना खोल्या दिल्या, पण भाडी इतकी चढवली की १२३१ मध्ये तिसऱ्या हेन्री राजाला ती आटोक्यात ठेवण्यासाठी फर्मान काढावं लागलं. घरमालक आणि विद्यार्थी यांचं भांडण कॉलेजांपेक्षा जुनं आहे ते असं.

पहिलं कॉलेज पीटरहाउस. इलीचे बिशप ह्यू द बॉलशॅम यांनी ते १२८४ मध्ये काढलं. तेव्हा कॉलेज म्हणजे मूठभर विद्वानांची राहण्या-जेवण्याची सोय. बहुतेक विद्यार्थी गावातल्या भाड्याच्या वसतिगृहांतच राहत. पुढे राजे, बिशप आणि श्रीमंत विधवा यांनी एकामागून एक कॉलेजं काढली. अपवाद कॉर्पस क्रिस्टीचा. प्लेगच्या साथीनंतर, १३५२ मध्ये, ते गावातल्याच दोन मंडळांनी उभं केलं. पण १३८१ च्या शेतकरी बंडात जमावाने लुटलं तेही हेच कॉलेज, कारण एव्हाना ते गावातल्या घरांवर भाडंपट्टी वसूल करू लागलं होतं. विद्यापीठाचे दस्तऐवज भर बाजारात जाळले गेले आणि मार्जरी स्टार नावाच्या म्हातारीने त्यांची राख वाऱ्यावर उधळली. त्याची शिक्षा गावाला जबर मिळाली : पाव आणि बिअर यांच्या दरांवर देखरेखीचा अधिकार राजाने विद्यापीठाला देऊन टाकला.

गावाला खरा दणका मात्र किंग्ज कॉलेजने दिला. सहाव्या हेन्रीने १४४१ मध्ये ते स्थापलं आणि त्यासाठी नदीलगतचा गावाचा गाभाच ताब्यात घेतला. घरं, नदीचे धक्के, एक चर्च, मिल्न स्ट्रीट हा वाहता रस्ता, सगळं गेलं. नंतर गुलाबांच्या युद्धात, म्हणजे इंग्लंडच्या गादीसाठी झालेल्या यादवीत, हेन्रीची गादी गेली आणि मोकळी केलेली बरीचशी जागा पिढ्यान्‌पिढ्या तशीच पडून राहिली. चॅपलचं बांधकाम १४४६ मध्ये सुरू झालं, ते १५१५ पर्यंत चाललं. आणि एवढ्या खटाटोपाचा लाभ कुणाला? हेन्रीनेच काढलेल्या ईटनच्या शाळेतल्या मुलांना. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत दुसऱ्या शाळेच्या मुलाला किंग्जमध्ये दारच उघडं नव्हतं.

मग गावातल्या पोरांचं काय? त्यांच्यासाठी शाळा आली ती एका प्राध्यापकाच्या मृत्युपत्रातून. गॉन्व्हिल अँड कीज कॉलेजचे फेलो (कॉलेजचा कारभार पाहणारे अध्यापक-सदस्य), वैद्य आणि सावकारीतही मुरलेले स्टीफन पर्स १६१५ मध्ये वारले. केंब्रिज आणि भोवतालच्या बार्नवेल, चेस्टरटन, ट्रम्पिंग्टन या गावांतल्या १०० मुलांना फुकट शिकवावं, अशी तजवीज त्यांनी केली होती. ही शाळा जिथे होती तो रस्ता आजही ‘फ्री स्कूल लेन’ म्हणूनच ओळखला जातो. विश्वस्तपद मात्र त्यांच्याच कॉलेजकडे गेलं, आणि कुंपणाने शेत खाल्लं. उत्पन्न वाढत गेलं तरी वाढावा फेलोंच्या वाट्याला आणि शाळा ओस. १८१६ पासून १८४२ पर्यंत तर शाळेची इमारत फिट्झविल्यम संग्रहातली चित्रं ठेवायला वापरली गेली. अखेर गावातले लोक कोर्टात गेले आणि १८३७ मध्ये कॉलेजच्या विरोधात निकाल मिळवला. आज त्या जागेत विज्ञानाच्या इतिहासाचं व्हिपल संग्रहालय आहे.

विद्यापीठाचे नियम बदलले तसं गावही बदललं. १८७१ च्या कायद्याने बहुतेक पदांसाठीची धर्माची, म्हणजे अँग्लिकन चर्चचं असण्याची, अट गेली आणि १८७५ मध्ये त्या चर्चबाहेरच्या मेथडिस्ट पंथाने लीज स्कूल उघडलं. १८८२ च्या सुमारास फेलोंना लग्नाची सरसकट मुभा मिळाली. तोवर बहुतेकांना लग्न केलं की फेलोशिप सोडावी लागे. आता प्राध्यापकांची घरं उभी राहिली, घरांत मुलं-मुली आल्या. मुलींसाठीची पर्स शाळा १८८१ ची आहे. गर्टन आणि न्यूनम ही स्त्रियांची कॉलेजं तेव्हा सुरू झालेली होती, पण पदवीसाठी बायकांना १९४८ पर्यंत थांबावं लागलं.

आपल्याकडचे रँग्लर परांजपे याच बदलत्या केंब्रिजमध्ये, सेंट जॉन्स कॉलेजमध्ये शिकले आणि १८९९ मध्ये गणिताच्या ट्रायपॉसमध्ये, म्हणजे पदवीच्या परीक्षेत, पहिले आले. कॉलेजचा खर्च न झेपणाऱ्यांसाठी १८६९ मध्ये कॉलेजविना प्रवेशाची सोय झाली होती. तिचंच पुढे फिट्झविल्यम हाउस झालं. जयंत नारळीकर तिथले विद्यार्थी. १९६६ मध्ये त्याला रीतसर कॉलेजचा दर्जा मिळाला.

शाळांची आजची घडी मुख्यतः १९७४ ची. मुलांच्या काउंटी हायस्कूलचं तेव्हा हिल्स रोड सिक्स्थ फॉर्म कॉलेज, म्हणजे अकरावी-बारावीसारखं कॉलेज, झालं. पिंक फ्लॉइड या रॉक बँडचे रॉजर वॉटर्स आणि सिड बॅरेट त्या जुन्या हायस्कूलचे विद्यार्थी. हिल्स रोड सरकारी आहे, तिथे फी लागत नाही. शंभर मुलांना फुकट शिकवण्यासाठी निघालेली पर्स शाळा मात्र आता भरभक्कम फी घेणारी खासगी शाळा आहे.