पूरभिंतीचे खरे काम जमिनीखाली

29 ऑक्टोबर 2012 च्या रात्री सँडी चक्रीवादळाने उसळलेले समुद्राचे पाणी न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवरील बे पार्क सांडपाणी प्रक्रिया केंद्रात शिरले आणि पाच लाखांहून अधिक लोकांचे मैलापाणी हाताळणारी यंत्रणा दोन दिवसांहून अधिक काळ बंद पडली. सुमारे 38 कोटी लिटर मैलापाणी कोणत्याही प्रक्रियेविना बाहेर पडले, काही घरांत ते उलटे शिरले, आणि पुढील 44 दिवसांत अर्धवट प्रक्रिया झालेले 800 कोटी लिटरांहून अधिक पाणी खाडीत गेले. या केंद्राच्या दुरुस्तीसाठी आणि संरक्षणासाठी 2014 मध्ये सुमारे 81 कोटी डॉलरांचा निधी जाहीर झाला. त्यात केंद्राला पुरापासून वाचवणाऱ्या तटबंदीचाही समावेश होता.

अशी केंद्रे उंचावर का बांधत नाहीत, हा प्रश्न स्वाभाविक आहे. गटारे उतारानेच वाहतात, त्यामुळे शहरभरचे मैलापाणी जिथे आपोआप पोहोचते आणि स्वच्छ झाल्यावर जिथून नदीत किंवा समुद्रात सोडता येते, ती जागा बहुधा सर्वांत सखलच असते. जागा बदलता येत नसेल, तर भोवती भिंत बांधणे हाच उपाय उरतो.

भिंत पुरेशी उंच आणि जाड असली की काम झाले, असा आपला समज असतो. परंतु नदीकाठची जमीन बहुधा वाळूची आणि गाळाची असते. भिंतीच्या एका बाजूला तीन मीटर पाणी चढले आणि दुसरी बाजू कोरडी राहिली, की हा दाबातील फरक पाण्याला भिंतीच्या पायाखालून ढकलू लागतो. हे पाणी आतल्या बाजूस जमिनीतून वर येताना वाळूच्या कणांना उचलू पाहते. कणांचे पाण्यातील वजन त्यांना खाली धरून ठेवते आणि वर येणारा प्रवाह त्यांना वर ढकलतो. प्रवाहाच्या वाटेतील दर मीटर अंतरामागे दाबाची पातळी किती मीटरने घटते, त्या प्रमाणाला जलदाबाचा उतार म्हणतात. नेहमीच्या वाळूत हा उतार साधारण 1 झाला, की वजन आणि धक्का यांची बरोबरी होते. कण तरंगू लागतात आणि वाळू उकळल्यासारखी दिसते. मग एकेक कण वाहून जाऊन पायाखाली नळीसारखी पोकळी तयार होते, ती पुराच्या बाजूकडे सरकत जाते आणि वरून धडधाकट दिसणारी भिंत अखेरीस खचते.

या विद्येचा मोठा भाग भारतीय कालव्यांवर घडला, याचा मला मनापासून अभिमान वाटतो. 1898 मध्ये गंगेवरील नरोरा येथील बंधारा त्याच्या तळाखालून झिरपणाऱ्या पाण्याच्या दाबाने फुटला. पुढे पंजाबातील अभियंते अजुध्यानाथ खोसला यांनी सहकाऱ्यांसह 1936 मध्ये वाळूवरील बंधाऱ्यांच्या रचनेचा सिद्धान्त मांडला आणि पाणी जमिनीतून बाहेर पडते, त्या ठिकाणचा उतार मोजणे किती निर्णायक आहे, हे दाखवून दिले. जमिनीत उभ्या ठोकलेल्या पोलादी पत्र्याच्या म्हणजे शीट पाइलच्या सर्वांत साध्या रचनेत हा उतार पाण्याच्या उंचीला पत्र्याच्या खोलीने आणि पायने (3.14) भागून मिळतो. तीन मीटर पाण्यासाठी पत्रा एकच मीटर खोल असेल, तर उत्तर 0.95 येते, म्हणजे वाळू उकळण्याच्या अगदी उंबरठ्यावर. खोसला यांनी बारीक वाळूसाठी हा उतार एक-षष्ठांशाहून अधिक नसावा असे सुचवले. त्यासाठी पत्रा सुमारे सहा मीटर खोल हवा. जमिनीवर दिसणाऱ्या पाण्याच्या दुप्पट भिंत जमिनीखाली, आणि तीच न दिसणारी!

भिंतीची उंची ठरवताना ‘शंभर वर्षांचा पूर’ हा शब्दप्रयोग होतो, तोही फार दिशाभूल करतो. एकदा असा पूर येऊन गेला की पुढची शंभर वर्षे निश्चिंत, ही समजूत ग्रहयोगांवरील विश्वासाइतकीच निराधार आहे. त्याचा अर्थ दर वर्षी एक टक्का शक्यता एवढाच आहे, आणि तीस वर्षांत असा पूर किमान एकदा येण्याची शक्यता सुमारे 26 टक्के भरते.

भिंत पूर्ण झाली तरी मैलापाण्याच्या नळांना ती ओलांडावीच लागते. म्हणून बाहेर जाणाऱ्या नळाच्या तोंडाशी उलटा प्रवाह अडवणारी झडप लागते, आणि बाहेरची पातळी चढल्यावर स्वच्छ झालेले पाणी उताराने जाईनासे होत असल्याने ते ढकलणारे पंप व त्यांच्यासाठी स्वतंत्र वीज लागते. भिंतीच्या आत पडणारा पाऊसही याच मार्गाने बाहेर काढावा लागतो. भूजल वर आले असताना रिकामी ठेवलेली टाकी प्लावक बलामुळे होडीसारखी उचलली जाऊ शकते, त्यामुळे पुराच्या काळात ती भरलेली ठेवावी लागते.

पूर चढलेला असताना भिंतीच्या आतील बाजूने सतत गस्त घालावी लागते. जमिनीतून फुटलेला झरा निर्मळ असेल, तर त्यावर लक्ष ठेवले जाते. तो गढूळ असेल, तर पाण्याबरोबर पायाखालची माती निघून चालली आहे, असे समजतात. अशा वेळी झऱ्याचे तोंड बुजवत नाहीत, कारण मग पाणी शेजारी दुसरी वाट काढते. त्याभोवती वाळूच्या पोत्यांचे कडे रचतात आणि त्यात पाणी साचू देतात. साचलेल्या पाण्याच्या उंचीइतका आतबाहेरचा फरक कमी होतो, आणि झरा निर्मळ वाहू लागेपर्यंत पोती चढवली जातात.