डेटा साठवण (छोट्या डेस्कटॉप प्रोग्रामसाठी)

एकाच संगणकावर चालणाऱ्या आणि एक-दोन माणसांनी वापरायच्या प्रोग्रामची माहिती डिस्कवर कशी ठेवायची, याची निवड. सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी मजकूर फाइल) किंवा जेसन (नाव आणि मूल्य अशा जोड्यांची मजकूर फाइल), एक्सेलची शीट, ॲक्सेस (मायक्रोसॉफ्टचा डेटाबेस प्रोग्राम), एसक्यूलाइट (एका फाइलमध्ये राहणारा डेटाबेस) आणि स्वतंत्र डेटाबेस सर्व्हर (अनेकांना डेटा पुरवत सतत चालणारा वेगळा प्रोग्राम) हे नेहमीचे पर्याय. बहुतेकांचा पहिला प्रश्न ‘डेटा किती होईल?’ हा असतो, पण त्याने फारसे काही ठरत नाही. लिहिता लिहिता वीज गेली तर काय होईल आणि एका वेळी किती जण लिहिणार, या दोन प्रश्नांवर निम्मी निवड उरकते.

कोल्हापूर परिसरात अशा प्रोग्रामांना तोटा नाही. शाहू मार्केट यार्डातील गूळ अडतीची पट्टी, शिवाजी उद्यमनगरातील जॉबवर्कची चलने, हुपरीच्या चांदीकामातील वजन आणि मजुरीचा हिशेब, गावोगावच्या दूध संस्थांचे संकलन. ३०० सभासदांची एक दूध संस्था धरू. सकाळ-संध्याकाळ मिळून दिवसाला ६०० नोंदी, वर्षाला २,१९,०००. सभासद क्रमांक, तारीख, गाय की म्हैस, लिटर, फॅट, एसएनएफ (दुधातील फॅट सोडून इतर घन पदार्थ), दर आणि रक्कम यांना मिळून शंभरेक बाइट लागतील. म्हणजे वर्षाला साधारण २२ एमबी. आजच्या कोणत्याही संगणकाला हे किरकोळ आहे. एक्सेलच्या एका शीटमध्ये मात्र १०,४८,५७६ ओळी मावतात, त्यामुळे पाचवे वर्ष पुरे होण्याआधीच शीट भरते.

जेसन फाइल प्रिंटरचे नाव, संस्थेचा पत्ता, दरपत्रक अशा क्वचित बदलणाऱ्या गोष्टींसाठी उत्तम. रोजच्या नोंदींसाठी ती वापरू नये, कारण एक ओळ वाढवायची तरी सहसा सगळी फाइल पुन्हा लिहावी लागते. मध्येच वीज गेली की जुनी फाइल पुसलेली आणि नवी अर्धवट. यावर उपाय आहे: त्याच फोल्डरमध्ये तात्पुरती फाइल लिहायची, ती डिस्कवर पोचल्याची खात्री करायची आणि मगच नाव बदलून जुनीच्या जागी आणायची. सेटिंगसाठी एवढे पुरते.

सीएसव्ही देवाणघेवाणीसाठी आहे. तिला मुख्य साठा केले आणि ती एक्सेलमध्ये उघडून जतन केली की एक्सेल डेटा परस्पर बदलते: ००७ क्रमांकाचा सभासद ७ होतो. त्याहून वाईट म्हणजे एक्सेल आकड्याचे १५च अंक जपते, म्हणून १६ अंकी बँक खात्याचा शेवटचा अंक शून्य होऊन बसतो. सभासदांची बिले थेट खात्यावर जमा होत असतील तर ही चूक महागात पडते.

जुन्या पिढीतले बरेच प्रोग्राम फॉक्सप्रोत (फॉक्स सॉफ्टवेअरच्या डेटाबेस प्रणालीत) लिहिलेले होते. मायक्रोसॉफ्टने फॉक्स सॉफ्टवेअर ही कंपनी १९९२ मध्ये घेतली. व्हिज्युअल फॉक्सप्रो ९ ही शेवटची आवृत्ती ठरली आणि तिला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा आधार (दुरुस्त्या आणि मदत) जानेवारी २०१५ मध्ये संपला. प्रत्येक तक्त्याची वेगळी डीबीएफ फाइल आणि तिची इंडेक्स फाइल (नोंदी पटकन शोधण्याची सूची) अशी रचना असल्याने वीज गेली की दोन्हींचा मेळ तुटे. मेन्यूत ‘रीइंडेक्स’ (सूची नव्याने तयार करणे) असे ते म्हणूनच. ॲक्सेसमध्ये फॉर्म आणि रिपोर्ट पटकन होतात, पण फाइलची मर्यादा २ जीबी आहे.

एसक्यूलाइट डी. रिचर्ड हिप यांनी २००० साली आणले. अमेरिकी नौदलाच्या विनाशिकेसाठीच्या प्रोग्रामवर काम करताना डेटाबेस सर्व्हर बंद पडला की सगळेच अडायचे, त्यातून सर्व्हर नसलेल्या डेटाबेसची कल्पना आली. मूळ कोडवर कोणाचा स्वामित्वहक्क नाही. सगळा डेटा एका फाइलमध्ये असतो आणि व्यवहार (एकत्र करायच्या नोंदींचा गट) पुरा नोंदला जातो किंवा मुळीच नाही. दूध जमा झाले पण सभासदाच्या खात्यावर चढले नाही, असे अर्धे काम राहत नाही. दोन्ही नोंदी एकाच व्यवहारात घालणे ही मात्र प्रोग्रामरची जबाबदारी. एका संगणकावरच्या कामासाठी दुसरे काही शोधण्याची सहसा गरज नाही. त्याच्या खोडीही माहीत हव्यात. स्तंभाच्या प्रकाराबाबत ते ढिले आहे: आकड्याच्या स्तंभात अक्षरे टाकली तरी मुकाट घेते. हे रोखणारे कडक तक्ते २०२१ पासून मिळतात. दशांशाचा अचूक प्रकार नाही, म्हणून रक्कम पूर्णांकात पैशांत ठेवावी आणि तारीख वर्ष-महिना-दिवस या क्रमाने, म्हणजे क्रमवारी आपोआप नीट होते.

मराठी मजकुराचे प्रश्न वेगळे. जुन्या, युनिकोडपूर्व (सर्व लिप्यांसाठीच्या समान अक्षर-कोडच्या आधीच्या) फॉन्टमधली नावे पडद्यावर देवनागरी दिसली तरी आत भलतीच चिन्हे असतात, ती आधी युनिकोडमध्ये आणावी लागतात. युनिकोडमध्येही ‘गुऱ्हाळ’मधला ‘ऱ’ एकसंध कोडने येतो, तसाच ‘र’ला नुक्ता (अक्षराखालचा टिंब) जोडूनही; साठवताना एकच रूप केले नाही तर शोध फसतो. एसक्यूलाइटची मूळ क्रमवारी बाइटच्या, म्हणजे अक्षरांच्या कोडच्या, क्रमाने चालते. तीत ‘ळ’ हा ‘ल’च्या पाठोपाठ येतो, त्यामुळे ‘माळी’ हे ‘मासाळ’च्या आधी लागते. मराठी वर्णमालेत ‘ळ’ ‘ह’नंतर येतो. सभासद यादी छापून भिंतीवर लावायची असेल तर क्रमवारीचा नियम स्वतः द्यावा लागतो.

चालू डेटाबेसची फाइल नुसती कॉपी करणे हा बॅकअप नव्हे. ताज्या नोंदी कधी शेजारच्या लॉग फाइलमध्ये असतात. एसक्यूलाइटची बॅकअपची स्वतःची सोय वापरावी. प्रत त्याच टेबलाच्या खणात ठेवण्यालाही अर्थ नाही: ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये पंचगंगेचे पाणी चढले, तेव्हा चिखली-आंबेवाडीसारख्या गावांना संगणक आणि पेनड्राइव्ह एकाच खोलीत ठेवून चालणारे नव्हते.

एसक्यूलाइटमध्ये एका वेळी एकालाच लिहिता येते. दोन काउंटरवरून नोंद करायची म्हणून फाइल नेटवर्कवरच्या सामायिक फोल्डरमध्ये टाकण्याचा मोह होतो; तिथे फाइलचे कुलूप (एक जण लिहीत असताना दुसऱ्याला थांबवणारी सोय) भरवशाचे नसते आणि डेटा बिघडू शकतो. अशा वेळी पोस्टग्रेस किंवा मारियाडीबीसारखा सर्व्हर घ्यावा आणि त्याची देखभाल करणारे माणूसही ठरवावे. दुसरा काउंटर येण्याची शक्यता आधीच दिसत असेल तर डेटाबेसशी बोलणारा कोड एका जागी ठेवावा, म्हणजे पुढे तेवढाच भाग बदलावा लागतो.