कॅन्सरनंतर दिवस राहिले की गाठ उलटते? खुलासा

“स्तनाचा कॅन्सर झाला ना, आता बाळाचं नाव काढू नको, गाठ उलटते.” महालातल्या वाड्यापासून त्रिमूर्तीनगरच्या फ्लॅटपर्यंत नागपुरात हे सर्रास ऐकू येतं. गरोदरपणात इस्ट्रोजेन वाढतं आणि काही गाठी त्यावरच पोसतात, त्यामुळे भीती अगदीच हवेतली नव्हती. पण ती आता तपासून झाली आहे.

२०२३ मध्ये ‘पॉझिटिव्ह’ या वैद्यकीय अभ्यासाचे निष्कर्ष आले. त्यात ४२ वर्षांपर्यंतच्या, हार्मोनवर वाढणाऱ्या पण दूर न पसरलेल्या कॅन्सरच्या सुमारे ५०० बायका होत्या. १८ ते ३० महिने हार्मोनला अडवणाऱ्या गोळ्या घेऊन बाळासाठी त्यांनी त्या थांबवल्या. ३ वर्षांत आजार परतण्याचं किंवा दुसऱ्या स्तनात होण्याचं प्रमाण ८.९ टक्के निघालं. बाळासाठी गोळ्या न थांबवलेल्या, तुलनेच्या गटात ते ९.२ टक्के होतं. अर्थात ३ वर्षं थोडीच. हा आजार दहा वर्षांनीही डोकं वर काढतो, म्हणून बाळंतपणानंतर गोळ्या पुन्हा सुरू कराव्याच लागतात.

खरा धोका वेगळाच आहे आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही. या गोळ्यांपैकी टॅमॉक्सिफेन पोटातल्या बाळाला घातक असतं, आणि ते गर्भनिरोधक नाही. ते घेताना पाळी थांबली तरी दिवस राहू शकतात. म्हणून गोळी चालू असेपर्यंत कॉपर-टी किंवा निरोध. गोळी थांबवल्यावरही साधारण ३ महिने. गोळी मनाने बंद करायची नाही, हे वेगळं सांगायला नको.

स्त्रीबीजं गोठवायची असतील, तर विचारायचं किमोच्या आधी.