मिडी लर्न चालतंय, मग दिवा खोटं का बोलतो?

टॅबलेटवरच्या संगीताच्या ॲपला मिडीने (वाद्यं आणि ॲप एकमेकांना निरोप देतात ती भाषा) जोडलेला कंट्रोलर, म्हणजे बटणं-नॉबची पेटी, घ्या. तिचं बटण दाबलं की ॲपमधला तानपुरा म्यूट होतो, परत दाबलं की चालू होतो, पण बटणावरच्या दिव्याचा आणि तानपुऱ्याचा काही मेळ नाही. ही तक्रार पुण्यातल्या कीबोर्ड वाजवणाऱ्यांकडून, सुगम संगीताच्या कार्यक्रमांत आयपॅडवरून लूप सोडणाऱ्यांकडून आणि पुरुषोत्तम करंडक या एकांकिका स्पर्धेच्या तालमीत संगीताचे क्यू सांभाळणाऱ्या कॉलेजच्या मुलांकडून मी सतत ऐकतो. त्यावर मिळणारा सल्लाही ठरलेला असतो: "लर्न काढून टाक आणि परत कर." हा सल्ला देणं आता खरंच थांबवायला हवं. लर्न कितीही वेळा केलं तरी दिवा सुधारणार नाही, कारण लर्नचा दिव्याशी संबंधच नाही.

लर्न तुम्हाला येतं, म्हणून ते दोन ओळींत संपवतो. ॲपमधल्या एखाद्या कंट्रोलवर बोट ठेवायचं, कंट्रोलरवरचं बटण दाबायचं, आणि ॲप लक्षात ठेवतं की या चॅनेलवरची (मिडीच्या सोळा मार्गांपैकी एकावरची) ही नोट किंवा हा सीसी (कंट्रोल चेंज, म्हणजे बटण-नॉबचा क्रमांक असलेला निरोप) आला की हे काम करायचं. निरोप कंट्रोलरकडून टॅबलेटकडे जातो. झालं.

फीडबॅक हा उलट दिशेचा निरोप. तानपुरा आत्ता चालू आहे की बंद, हे ॲप कंट्रोलरला कळवतं आणि कंट्रोलर त्याप्रमाणे दिवा लावतो किंवा विझवतो. त्यासाठी ॲपमध्ये वेगळी सोय लागते, ती वेगळी चालू करावी लागते, आणि मिडी आउटपुट म्हणून तोच कंट्रोलर निवडावा लागतो. इनपुटच्या यादीत कंट्रोलर दिसतो म्हणून आउटपुटलाही तो आपोआप जोडला गेला असेल असं धरून चालू नका.

इथपर्यंत बहुतेकांना पटतं. खरा घोळ याच्या पुढे आहे.

बऱ्याच कंट्रोलरवर बटण दाबलं की दिवा तसाही लागतो. ॲप उघडलेलं नसलं तरी, टॅबलेटऐवजी नुसता चार्जर जोडलेला असला तरी लागतो. हा दिवा कंट्रोलर स्वतःच लावत असतो. बटण दाबलं गेलं एवढंच त्याला माहीत असतं आणि तेवढंच तो दाखवतो. पाहणाऱ्याला मात्र वाटतं की ॲपने उत्तर दिलं, फीडबॅक चालू आहे. मग स्क्रीनवर बोट लावून ट्रॅक म्यूट केला, किंवा नवं गाणं उघडलं, की दिवे भलतंच दाखवायला लागतात आणि "कंट्रोलर बिघडला" असा निष्कर्ष निघतो. कंट्रोलर बिघडलेला नसतो. त्याला कोणी काही सांगितलेलंच नसतं. जिन्यातल्या दिव्याला खाली एक आणि वर एक बटण असतं, तेव्हा खालच्या बटणाकडे पाहून दिवा चालू आहे की बंद हे कळत नाही. इथेही तेच होतं.

म्हणून कुणीही फीडबॅकबद्दल विचारलं की मी आधी एकच चाचणी करायला सांगतो. कंट्रोलरला हात लावू नका. टॅबलेटच्या स्क्रीनवर बोटाने ट्रॅक म्यूट करा. कंट्रोलरवरचा दिवा बदलला का? बदलला तर फीडबॅक येतोय. नाही बदलला तर आजवर तुम्ही पाहत होतात तो कंट्रोलरचा स्वतःचा दिवा होता. बटण दाबून दिवा बघणं ही चाचणीच नाही, त्यातून काहीच सिद्ध होत नाही.

काही कंपन्यांनी हा फरक सेटिंगमध्येच स्वच्छ दाखवला आहे, आणि त्याबद्दल मला त्यांचं कौतुक वाटतं. कॉर्गच्या नॅनोकंट्रोल २ च्या एडिटरमध्ये एलईडी मोड असतो: इंटर्नल किंवा एक्स्टर्नल. इंटर्नल असेल तर दिवा बटणाचं ऐकतो, एक्स्टर्नल असेल तर बाहेरून येणाऱ्या निरोपाचं. फीडबॅक हवा असेल तर एक्स्टर्नल, यात दुसरं मत नाही. असा पर्याय तुमच्या कंट्रोलरमध्ये कुठे लपलाय ते शोधण्यात एक संध्याकाळ गेली तरी चालेल, पण शोधा. बाकीची सगळी जुळवाजुळव त्याच्यावर उभी आहे.

याच घोळाचा दुसरा भाग टॉगलचा. बटणाला दोन प्रकारे वागता येतं. मोमेंटरीमध्ये दाबलं की १२७ (मिडीतला सर्वांत मोठा आकडा, इथे "चालू") जातं, सोडलं की ०. टॉगलमध्ये पहिल्यांदा दाबलं की १२७, दुसऱ्यांदा दाबलं की ०. म्हणजे टॉगल बटण स्वतः काहीतरी लक्षात ठेवतं. आणि ॲपमधला म्यूटही टॉगल म्हणून लर्न केलेला असेल, तर तेही लक्षात ठेवतं. एकाच गोष्टीच्या दोन नोंदी झाल्या, आणि त्या वेगळ्या पडायला वेळ लागत नाही. "बटण दोनदा दाबावं लागतं" ही तक्रार जवळजवळ नेहमी इथूनच येते: ॲप फक्त १२७ आल्यावर उलटापालट करतं, आणि तुमचं बटण दर दुसऱ्या वेळी ० पाठवतं, ज्याकडे ॲप लक्षच देत नाही.

या बाबतीत माझं मत पक्कं आहे. बटण नेहमी मोमेंटरी ठेवा. टॉगल ॲपला करू द्या. दिवा ॲपच्या सांगण्यावरून लागू द्या. आवाज जिथे आहे तिथेच नोंद असावी, आणि कंट्रोलरला स्वतःची आठवण नसलेलीच बरी. टॉगल बटण ठेवून काम भागतं असं सांगणारे भेटतात. त्यांचं भागतं, कारण ते स्क्रीनला कधी हातच लावत नाहीत. रंगमंचावर, प्रयोग चालू असताना, दिग्दर्शकाने अचानक क्यू बदलायला सांगितला की हात स्क्रीनकडेच जातो.

मोमेंटरी केल्यावर एक खोच मात्र निघते. काही कंट्रोलर बटण सोडल्याबरोबर आपला दिवा स्वतःच विझवतात. क्रम असा होतो: तुम्ही दाबलंत, ॲपने लगेच "दिवा लाव" सांगितलं, दिवा लागला, तुम्ही बोट उचललंत, कंट्रोलरने दिवा विझवला. फीडबॅक आला होता, पण पुसला गेला. यावर उपाय म्हणजे बटण सुटल्यानंतर ॲपने दिव्याचा निरोप पुन्हा पाठवायला हवा. ॲपमध्ये तशी सोय नसेल तर मधे मोझॅइक किंवा स्ट्रीमबाइटरसारखं छोटं स्क्रिप्टिंगचं ॲप घालून नोट ऑफनंतर (बटण सुटल्याच्या निरोपानंतर) तोच निरोप परत पाठवता येतो.

आता आकड्यांचं. इथे लोक उगाच घाबरतात, पण हे सोपं आहे. दिव्याला काय ऐकायला आवडतं हे प्रत्येक कंट्रोलरचं वेगळं असतं आणि ते मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं. अकाईच्या जुन्या एपीसी मिनीवर वेलॉसिटी (नोटेसोबत जाणारा ० ते १२७ मधला आकडा) १ म्हणजे हिरवा, ३ लाल, ५ पिवळा. २, ४, ६ म्हणजे तेच रंग लुकलुकणारे. ० म्हणजे बंद. ७ पासून १२७ पर्यंत काहीही पाठवलं तरी हिरवाच. म्हणून ॲप सरसकट १२७ पाठवत असेल तर लाल कधीच दिसणार नाही, आणि त्यात दोष कोणाचाच नाही. नोव्हेशनच्या लाँचपॅड मिनी एमके३ वर प्रोग्रामर मोडमध्ये (दिवे बाहेरून चालवायच्या मोडमध्ये) वेलॉसिटी म्हणजे १२८ रंगांच्या पॅलेटमधला क्रमांक: ५ लाल, २१ हिरवा. शिवाय निरोप चॅनेल १ वर गेला तर रंग स्थिर, २ वर लुकलुकणारा, ३ वर मंद होत उजळणारा. रंगीत पॅड म्हणून पैसे मोजायचे आणि मग सगळं एकाच रंगात चालवायचं, हे बघवत नाही. रंग म्हणजे माहिती आहे: वाजतोय, थांबलाय, रेकॉर्ड होतोय, हे तिन्ही अंधारात नजरेला वेगळं दिसायला हवं.

बटण ज्या क्रमांकावर बोलतं त्याच क्रमांकावर त्याचा दिवा ऐकेल, असंही नाही. बेहरिंगरच्या एक्स-टच मिनीवर स्टँडर्ड मोडमध्ये पहिल्या लेयरची बटणं नोट ८ पासून पुढे पाठवतात, पण दिवे मात्र नोट ० ते १५ वर ऐकतात, तेही १ म्हणजे चालू आणि २ म्हणजे लुकलुक. लर्न केलेलाच पत्ता फीडबॅकला वापरणाऱ्या ॲपमध्ये हे जमणारच नाही. शेजारचा भलताच दिवा लागेल. अशा वेळी फीडबॅकचा पत्ता वेगळा लिहू देणारं ॲप हवं, नाहीतर मधे पुन्हा तो स्क्रिप्टवाला. कुठे चॅनेल १ ते १६ लिहिलेले असतात, कुठे ० ते १५, तेवढं बघून घ्या.

थ्रूबद्दलही एक परिच्छेद द्यावा लागेल, कारण "फीडबॅक येत नाही तर थ्रू चालू कर" हा दुसरा ठरलेला सल्ला आहे. थ्रू म्हणजे जे आत आलं ते जसंच्या तसं पुढे पाठवणं. जुन्या पाच पिनांच्या यंत्रांवर इन आणि आउटच्या शेजारी त्याचं वेगळं भोक असायचं. थ्रूला तानपुरा चालू आहे की बंद हे माहीत नसतं. ते तुमचंच बटण तुम्हाला परत ऐकवतं: दाबलं की दिवा लागतो, सोडलं की विझतो. लोक म्हणतात "अर्धं चालतंय". अर्धं नाही, काहीच चालत नाहीये. आणि समोरून कंट्रोलर किंवा मधलं एखादं ॲपही आलेला निरोप परत पाठवत असेल, तर तोच निरोप गरगर फिरत राहतो आणि ॲप अडकतं. फीडबॅकसाठी थ्रू बंदच ठेवा.

नॉब आणि फेडरचं (सरकवायच्या पट्टीचं) थोडक्यात. ज्या नॉबला दोन्ही टोकांना अडथळा आहे त्याला फीडबॅकचा उपयोग नाही, कारण तो स्वतःहून फिरू शकत नाही. तिथे ॲपमध्ये पिकअप लावा, म्हणजे नॉब खऱ्या किमतीपर्यंत पोचेपर्यंत आवाज उडी मारणार नाही. न थांबता फिरणाऱ्या, भोवती दिव्यांचं कडं असलेल्या एन्कोडरला फीडबॅक उत्तम शोभतो. मोटरचे फेडर असतील तर सुख आहे, आणि तिथे मॅकी कंट्रोल (अशा कंट्रोलरसाठीची निरोपांची ठरलेली पद्धत) चालत असेल तर हाताने एकेक निरोप जुळवत बसू नका. क्युबेसिससारख्या रेकॉर्डिंगच्या ॲपमध्ये ती सोय आहे, दोन्ही दिशा त्यात एकदमच जुळतात. लूप वाजवायचे असतील तर लूपी प्रोमध्ये फीडबॅकची सोय आतच आहे, म्हणून नव्या माणसाला मी तिथूनच सुरुवात करायला सांगतो.

केबलबद्दल: ब्लूटूथ मिडी आयपॅडवर २०१४ पासून आहे आणि तालमीला ठीक आहे, पण प्रयोगाला मी केबलच लावतो. चौसष्ट दिव्यांचं पॅड टॅबलेटकडून बरीच वीज ओढतं, आणि लाइटनिंगवाल्या जुन्या आयपॅडवर तर "या उपकरणाला जास्त वीज लागते" असा इशारा येऊन कंट्रोलर चालूच होत नाही. स्वतःचा अडॅप्टर असलेला यूएसबी हब घ्या. तो पुण्यात तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत मिळतो, पण घेताना टॅबलेट आणि कंट्रोलर दोन्ही सोबत न्या आणि दुकानातच लावून बघा.

आणि हे सगळं जुळलं की केबल मुद्दाम उपटा, परत लावा. कंट्रोलर नव्याने चालू झालाय, त्याचे सगळे दिवे विझलेले आहेत, आणि तानपुरा तर वाजतोय. काही ॲप कंट्रोलर परत दिसताच सगळी स्थिती पुन्हा पाठवतात, काही पाठवत नाहीत, ज्याचं त्याचं बटण दाबलं गेल्यावरच त्याचा दिवा जागा होतो. तुमचं ॲप यातलं कुठलं आहे ते घरीच बघून घ्या. दुसऱ्या प्रकारचं असेल तर सगळ्या दिव्यांची स्थिती एकदम पाठवणारं एक बटण बनवून ठेवा, आणि ते पॅडच्या अगदी कोपऱ्यात, अंधारात चाचपून सापडेल असं.