स्कर्टिंगची फट सुताराच्या गळ्यात कशी पडली

भिंत आणि फरशीमधली फट मिटवणं हे मुळात सुताराचं काम नव्हतंच. जमीन शेणाने सारवली जायची तेव्हा भिंतीच्या पायथ्यालाही तोच हात फिरायचा. शहाबादी आणि नंतर मोझॅक आलं, तेव्हा फरशी आणि स्कर्टिंग, म्हणजे भिंतीच्या पायथ्याची पट्टी, दोन्ही एकाच गवंड्याकडे असे. उंचसखलपणा तो सिमेंटमध्ये जिरवून टाकायचा.

मोझॅकची एक खोड मात्र मागे राहिली. पॉलिशचं मशीन भिंतीला भिडत नाही, कडेची पट्टी हाताने घासावी लागते आणि ती किंचित उंच राहते. तळवा भिंतीकडे सरकवत नेला की हा चढ हाताला लागतो. 2000 नंतर अशाच जमिनींवर लॅमिनेटचं फ्लोअरिंग बसू लागलं. ते दमट हवेत फुगतं, म्हणून भिंतीशी 8 ते 10 मिमी जागा सोडतात. ती झाकायला एमडीएफची, म्हणजे लाकडाचे तंतू दाबून केलेल्या बोर्डाची, पट्टी आली आणि काम सुताराकडे गेलं.

खरा घोळ ‘लेव्हल’ या शब्दाचा. गवंड्याची लेव्हल म्हणजे पाण्याच्या नळीने भिंतीवर मारलेली खूण. सुताराची लेव्हल म्हणजे पट्टीची वरची कड. घरमालकाला मात्र लेव्हल म्हणजे खाली फट न दिसणं. तिघेही ‘लेव्हलमध्ये घ्या’ म्हणतात आणि तीन वेगळ्या गोष्टी मागतात. पट्टी जमिनीवर दाबून ठोकली तर वरची कड लाटेसारखी दिसते. वरची कड साधली तर खाली फट उरते, आणि ती पुट्टीने भरली की वर्षभरात तडकते.

माझ्या मते वरची कड सरळच हवी, कापायची ती खालची. 4 इंचांची पट्टी हवी असेल तर साडेचार इंचांची घ्यावी. खाली पाचरी सारून वरची कड लेव्हलला आणावी. सर्वांत मोठी फट, समजा 7 मिमी, परकारात धरावी. परकाराचं टोक जमिनीवरून ओढत न्यावं, म्हणजे पेन्सिलीची रेघ जमिनीचा प्रत्येक चढउतार पट्टीवर उतरवते. करवत मागच्या बाजूला किंचित तिरकी धरावी, मग पुढची धार फरशीला घट्ट टेकते. उरलंसुरलं रंध्याने किंवा कानशीने उतरतं.

याला वेळ लागतो, आणि मजुरी रनिंग फुटावर, म्हणजे पट्टीच्या लांबीवर ठरते. म्हणून फट भरून टाकणारी सिलिकॉनची नळी बहुतेक साइटवर जिंकली. अलीकडे खाली मऊ रबरी ओठ असलेल्या पीव्हीसी पट्ट्याही आल्यात; दोन-तीन मिमीचा फरक त्या झाकतात, पण जुन्या मोझॅकचा चढ नाही. एमडीएफ कापलं असेल तर त्या उघड्या कडेला प्रायमरचे दोन हात हवेतच, कारण आपल्याकडे फरशी रोज ओल्या फडक्याने पुसली जाते.