ग्रहणाचा डाग आणि हृदयाची गोळी

७ सप्टेंबर २०२५ च्या खग्रास चंद्रग्रहणाआधी साताऱ्यातल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर नेहमीची यादी फिरली. गरोदर बाईनं विळी हातात धरू नये, शिवणटिपण करू नये, नाहीतर बाळाच्या अंगावर डाग उठतो. दाभोलकरांच्या गावात हे वाचून हसावं की कपाळावर हात मारावा, कळत नाही.

यातला एक ‘डाग’ मात्र खरोखर समजून घेण्यासारखा आहे. जन्मताना बाळाची कातडी बहुधा स्वच्छ असते, फार तर एखादा फिकट ठिपका. दोन-तीन आठवड्यांत तिथं लालभडक उंचवटा येतो आणि बघता बघता फुगतो. रंग, खडबडीतपणा, सगळं महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीसारखं. हा हिमँजिओमा, म्हणजे रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराच्या पेशींची गाठ. कॅन्सर नव्हे. शंभरातल्या चार-पाच बाळांना तो होतो; मुलींना जास्त, अपुऱ्या दिवसांच्या बाळांना आणखी जास्त. चूक गरोदरपणातल्या विळीची असेल, तर गाठ बाळंतपण उरकल्यावर का वाढते?

तिसऱ्या महिन्यापर्यंत तिची बहुतेक वाढ होऊन जाते. वर्षाच्या आसपास ती ओसरू लागते आणि पुढच्या काही वर्षांत आपोआप बसते, कधी थोडी सैल कातडी मागे ठेवून. भोंदूंना याहून सोयीचा आजार कुठला? अंगारा लावा, गाठ जातेच. बिब्बा घातला तर मात्र जखम होते.

२००० साली अमेरिकेत पॉला नॉर्थ आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की या गाठीच्या पेशींवर ग्लूट-१ नावाचं प्रथिन असतं. ते पेशीत साखर आत घेतं. कातडीतल्या साध्या रक्तवाहिन्यांवर ते नसतं, वारेतल्या रक्तवाहिन्यांवर असतं. ऑक्सिजन कमी पडला की पेशी हेच प्रथिन वाढवतात आणि सोबत व्हीईजीएफ हा संदेशही सोडतात: नव्या रक्तवाहिन्या फुटू द्या. गाठ उगवण्याआधी त्या जागी कातडी कधी कधी पांढुरकी दिसते, म्हणजे तिथं रक्त कमी पोचत असावं. म्हणून ऑक्सिजनची टंचाई हे मूळ कारण असावं, असा एक तर्क आहे.

२००८ मध्ये फ्रान्समधल्या बोर्दो इथल्या डॉक्टर क्रिस्तीन लेओते-लाब्रेझ यांनी नाकावर मोठी गाठ असलेल्या एका बाळाची हकीकत छापली. गाठीसाठी दिलेल्या स्टिरॉइडमुळे त्याच्या हृदयाचा स्नायू जाड झाला, म्हणून प्रोप्रॅनोलॉल दिलं. हे जेम्स ब्लॅक यांनी १९६० च्या दशकात छातीतल्या कळेसाठी शोधलेलं औषध. दुसऱ्याच दिवशी लाल गाठ जांभळट आणि मऊ पडली! ॲड्रेनलिन हे संप्रेरक रक्तवाहिनीवरच्या बीटा ग्राहकाला, म्हणजे संदेश झेलणाऱ्या प्रथिनाला, धरून तिला सैल करतं. औषध तो ग्राहक अडवतं, रक्तवाहिनी आखडते, पुढे व्हीईजीएफही घटतं. गंमत अशी, की हे औषध दोन आरसाप्रतिमा रेणूंचं मिश्रण आहे आणि त्यातला एकच रेणू प्रामुख्यानं बीटा ग्राहकाला अडवतो. दुसरा निरुपयोगी मानला जायचा. प्रयोगशाळेत तोच रक्तवाहिन्यांच्या वाढीत भाग घेणाऱ्या सॉक्स-१८ या जनुक-नियंत्रक प्रथिनाला रोखताना दिसला.

बहुतेक गाठींना औषध लागत नाही. पापणीवर असेल तर नजर मंद होऊ शकते, हनुवटी-जबड्याभोवती पसरली तर श्वासनलिकेतही असू शकते, पाच किंवा जास्त गाठी असतील तर यकृताची सोनोग्राफी करतात. अशी बाळं महिन्याची होण्याआधीच डॉक्टरांना दाखवावीत, कारण गाठ सगळ्यात झपाट्यानं वाढते ती पहिल्या काही आठवड्यांतच.

आणि आजोबांच्या डब्यातली प्रोप्रॅनोलॉलची गोळी मोडून बाळाला अजिबात देऊ नये. या औषधानं बाळाची साखर अचानक उतरू शकते, नाडी मंदावते. डॉक्टरांनी दिलेला डोससुद्धा दूध पाजताना किंवा पाजल्यावर लगेच द्यायचा. बाळ दूध पीत नसेल किंवा उलट्या होत असतील, तर तो डोस चुकवायचा.